गावातली जुनी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) श्रमदानाने दुरुस्त करायची आहे. किती माणसं आणि किती खर्च लागेल?

माणसांचं नंतर सांगतो. आधी मला सांगा, भर पावसात तुमच्या पाखाडीवर पाणी कुठून येतं ते कुणी जाऊन बघितलंय का? नसेल तर चिऱ्याला, म्हणजे पायरीच्या घडीव दगडाला, हात लावू नका.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात. रस्त्यावरून खाली वाडीत उतरायला आजोबांच्या वेळची जांभ्याची पाखाडी, डोंगराकडच्या अंगाला गटार. ते गटार वर्षानुवर्षं कुणी उपसलं नाही, मग पाणी पायऱ्यांवरून यायला लागलं, चिऱ्यांखालची माती निघाली आणि चिरे डुगडुगायला लागले. वाडीच्या मीटिंगला चुलतभाऊ म्हणाला सिमेंट मारून टाकू, एकदाच काय तो खर्च. मी नको म्हटलं तर मुंबईला राहणाऱ्याने गावचं सांगू नये असं तोंडावर ऐकवलं. ठेकेदाराने चिऱ्यांवरच गुळगुळीत काँक्रीट ओतलं आणि गटारही बुजवलं. पहिल्याच पावसात शेवाळ धरलं आणि माझी आई गवताचा भारा घेऊन येताना घसरली, खुबा मोडला. खुर्चीला बांबू बांधून तिला त्याच पाखाडीने वर रस्त्यापर्यंत नेली, उचलणाऱ्या पोरांचेही पाय सटकत होते. पुढे खालून पाणी शिरून ते काँक्रीट पोकळ झालं आणि फुटलं.

मग मे महिन्यात चाकरमानी आल्यावर आम्ही १८ जण उतरलो. काँक्रीट पहारीने फोडण्यातच दोन दिवस गेले. त्यानंतर आधी गटार उपसलं, पाणी वाट ओलांडतं तिथे मोरी घातली आणि मगच पायऱ्या, त्यासुद्धा खालून वर, वरच्या चिऱ्याची पुढची कड खालच्याच्या पाठीवर चार बोटं येईल अशा. मागे भर चिऱ्याच्या तुकड्यांची, ठोकून ठोकून, कारण तांबडी माती भरली की पावसात वाहून जाते. वाडीतले म्हातारे गवंडी प्रत्येक चिऱ्यावर उभे राहून बघायचे, जरा हलला की काढा परत. एक चिरा तर तीनदा बसवला. ४० पायऱ्यांना एकूण आठ दिवस लागले. पैसे गेले ते नव्या चिऱ्यांचे, टेम्पोचे आणि गवंडीबाबांच्या मजुरीचे, जेवण घराघरातून आलं.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार पावसाळे झाले, एक चिरा हललेला नाही. शेवाळ जांभ्यावरही येतं, गणपतीच्या आधी खराट्याने घासावं लागतं, पण जांभा खरखरीत, पाय धरतो. भाऊ अजून म्हणतो काँक्रीट चांगलंच होतं, ठेकेदाराने काम वाईट केलं. मला हे पटत नाही. चिरा निखळला तर घरातली दोन माणसं संध्याकाळी बसवतात, काँक्रीट फुटलं की परत निधीची वाट बघत बसा.

हां, जिथे कडाच खचतोय तिथे नुसती चिऱ्यांची रचाई पुरणार नाही, तिथे जाणकाराला दाखवा. आणि वहिवाट कितीही जुनी असली तरी जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते बघून त्याला आधी विचारा, ग्रामपंचायतीलाही कळवा. आमचे चार दिवस ह्याच्यातच गेले होते.