वाटी कोण वाजवतं?

प्रिय मावशी,

आम्ही वडोदऱ्याला, रावपुऱ्यातल्या एका पोळेत (जुन्या शहरातल्या बंद गल्लीत) तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून एक मांजर मागच्या गॅलरीतून घरात शिरलं आणि पलंगाखाली दडून बसलं. भाटी आहे, पांढरी, पाठीवर पिवळे पट्टे. दोन दिवसांनी पलंगाखालून निघाली ती आमचीच झाली. मुलीनं तिचं नाव चिंगी ठेवलं. दिवसा छपरांवरून भटकते, पण रात्री मुलीच्या कुशीत झोपते. आम्ही शाकाहारी, त्यामुळे दूध-पोळी, दहीभात घालतो. खाते, पण फारशी भूक नसल्यासारखी.

सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणताहेत की ही कुणाच्या तरी घरची आहे, चौकशी कर. नवरा म्हणतो, मांजराला कसला मालक, ते जिथं राहतं तिथलं. मी पोळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकला, कुणी आपली म्हटलं नाही. येत्या शनिवारी तिचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय, म्हणजे पिल्लांचा प्रश्न नको. संध्याकाळी मागच्या बाजूला कुणी वाटीवर चमचा वाजवायला लागलं की ती कान टवकारून उठते, म्हणून तेवढ्यापुरतं मी गॅलरीचं दार लावून घेते (हल्ली ते बराच वेळ वाजवतात). सासूबाईंना कसं समजावू? आणि उद्या कुणी तिला मागायला आलंच, तर मुलीला काय सांगू? ती फार हळवी आहे.

– एक आई

*

बाळ,

तुझ्या पत्रात सासूबाई आहेत, नवरा आहे, मुलीचं हळवेपण आहे. मी मात्र कंसातल्या त्या एका वाक्यापाशी थांबले आणि पुढं सरकले नाही. हल्ली ते बराच वेळ वाजवतात.

कुणाला बोलावताहेत ते, तुला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर तू दार लावलं नसतंस. संध्याकाळी मागे कुकरच्या शिट्ट्या होतात, आरत्या होतात, कुणी मुलांना हाका मारतं, त्यातल्या कशालाच तू दार लावत नाहीस. वाटी वाजली की लावतेस. आणि तू रोज एवढं कान देऊन ऐकलंयस की पूर्वीपेक्षा आता जास्त वेळ वाजते, हेही तुझ्या ध्यानात आलंय. दिवाळीच्या आधी एक माणूस दोनदा चमचा वाजवायचा आणि मांजर यायचं. आता ते येत नाही, म्हणून तो वाजवत राहतो. तू दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून तो थांबायची वाट बघतेस. हे लिहिताना मला तुझा राग येतोय, तो लपवणार नाही.

सासूबाईंना काहीही समजावू नकोस. त्यांचं बरोबर आहे.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मात्र जरा नीट बघू, कारण त्यात तथ्य आहे आणि त्याच तथ्यानं तुझी बाजू पडते. मांजर दोन-तीन घरं धरून राहतं हे खरं. एका घरी खातं, दुसऱ्या घरी झोपतं, तिसऱ्या घरच्या गच्चीवर ऊन खात पडतं, आणि प्रत्येक घराला वाटतं की ते आपलंच. यात लबाडी नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. पण मांजर जिथं राहील तिथलं, असं म्हणायचं तर ते कुठं राहतं हे त्यालाच ठरवू द्यायला हवं. तुझ्या चिंगीनं ठरवलेलं आहे: दिवस छपरांवर, संध्याकाळी वाटीपाशी, रात्र तुझ्या लेकीजवळ. यातली संध्याकाळ तू कडी लावून काढून घेतलीस. रात्री ती तुझ्याकडे झोपते ते तिच्या मर्जीनं. वाटी वाजताना ती तुझ्याकडे असते ते तुझ्या मर्जीनं.

आता व्हॉट्सॲपचं. पोळेच्या ग्रुपवर फोटो टाकून तू चौकशी केलीस असं तुला वाटतंय. अगं, आवाज तुझ्या पोळेतून येतच नाही. रावपुरा, मांडवी, वाडी इकडची जुनी घरं कशी बांधलेली आहेत ते मी तुला सांगायला नको. पोळेला एकच तोंड, घरं दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लावून, आणि त्यांची पाठ पलीकडच्या पोळेतल्या घरांच्या पाठीला. मध्ये असली तर हातभर रुंद मोरीची बोळ. मांजराला ते अंतर म्हणजे एक पत्रा आणि एक उडी. माणसाला मात्र तीन मजले उतरायचे, ओटल्यावरच्या मंडळींना ‘कुठं निघाली?’ याचं उत्तर द्यायचं, मोठ्या रस्त्याला लागायचं, दुकानांपुढच्या स्कूटरींमधून वाट काढत पुढच्या पोळेचं तोंड शोधायचं आणि मग आत जाऊन कुठली पाठ आपल्या पाठीला लागून आहे याचा अंदाज बांधायचा. म्हणून तर पाठीला पाठ लावून राहणारी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचा खोकला ऐकतात, फोडणीच्या वासावरून आज काय शिजलंय ते सांगू शकतात, आणि बाजारात समोर आली तर ओळखत नाहीत. त्या घरातलं कुणी तुमच्या ग्रुपवर असण्याचं काही कारणच नाही. ज्या एका घराला विचारायला हवं होतं, ते सोडून तू बाकी सगळ्यांना विचारलंस.

आणि शनिवार. शनिवारमुळेच मी तुझं पत्र आधी घेतलं.

मांजरांचं ऑपरेशन करून घेणं ही फार चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षाला दोन-तीनदा हे चालू राहतं. पण हे मांजर किती वयाचं आहे ते तुला माहीत नाही. कदाचित तिचं ऑपरेशन झालेलंच आहे. रस्त्यावरच्या मांजरांचं करतात तेव्हा खूण म्हणून कानाचं टोक सरळ कापतात. घरच्या मांजराला अशी खूण बहुधा करत नाहीत आणि पोटावरचा जुना व्रण केसांखाली दिसेलच असं नसतं. मग त्या बिचारीला भूल देऊन, पोट उघडून कळायचं की काढायला काही उरलेलंच नाही. किंवा ती गाभण असेल आणि कुणीतरी तिच्या पिल्लांची वाट बघत असेल. भूल देण्याआधी डॉक्टर तुला विचारतील की हिचं वय काय, आधी काही आजार होता का, एखादं औषध चालू आहे का, लस कधी दिली. या चारांपैकी एकाचंही उत्तर तुझ्याकडे नाही. वाटी वाजवणाऱ्याकडे कदाचित चारही असतील. वयस्क मांजरांना मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा त्रास होऊ शकतो, मग रोजचं औषध असतं, आणि ते बऱ्याचदा खाण्यात कालवून देतात. तू दार लावतेस तेव्हा काय चुकतंय हे तुला समजायला मार्गच नाही.

खाण्याचंही तुझ्याच पत्रातून वाचून दाखवते. दूध-पोळीवर जगणारं मांजर पायात घोटाळतं, ओरडतं, ओट्यावर चढतं. तुझी चिंगी फारशी भूक नसल्यासारखी खाते म्हणतेस. कारण तिचं पोट दुसरीकडे भरतं. दिवसा ती पलीकडे जाऊन येत असणार आणि तिथं तिला मासळी किंवा अंडं मिळत असणार. तुम्ही शाकाहारी आहात याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते खाण्यातूनच, मुख्यतः मांस-मासळीतून, मिळावं लागतं, आणि महिनोन्‌महिने मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. वर मोठ्या मांजराला गाईचं दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात. म्हणजे उद्या तू दार दिवसाही लावायला लागलीस, जे तू लावशील असं मला तुझ्या पत्राच्या सुरावरून दिसतंय, तर तुझ्या प्रेमावर ती जगणार नाही. आज ती धडधाकट आहे ती त्या दुसऱ्या घराच्या जिवावर.

आता लेक. ‘ती फार हळवी आहे’ असं लिहून तू तिला पुढं उभं केलंयस आणि स्वतः तिच्या मागे उभी राहिलीयस. नऊ वर्षांच्या मुलीला कान असतात. वाटी तिनंही ऐकलीय. मांजर उठून दाराकडे जातं हे तिनं बघितलंय आणि आई लगबगीनं येऊन कडी लावते हेही बघितलंय. तिनं त्याबद्दल तुला एका शब्दानं विचारलेलं नाही, तेव्हा कशाबद्दल विचारायचं नाही ते ती शिकली. मांजर गेलं तर ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही, आणि मग सावरेल, मुलं सावरतात. तुझ्याबरोबर गप्प राहण्याची सवय तिला लागली तर ती कशी मोडायची, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा मी तुला एकच गोष्ट करायला सांगते आणि ती उद्याच कर. उद्या संध्याकाळी दार उघडं ठेव. वाटी वाजली की चिंगीला जाऊ दे. तिला टोपलीत घालून नेऊ नकोस, ती तिच्या वाटेनं तुझ्या आधी पोचेल. तू लेकीचा हात धर, खाली उतर, वळसा घालून मागच्या पोळेत जा आणि आवाज जिथून येतोय त्या घराचं दार वाजव. नवऱ्याला पाठवायचं नाही, चिठ्ठी पाठवायची नाही, ग्रुपवर आणखी एक फोटो टाकायचा नाही. गुजराती घर निघालं तर ‘आ बिलाडी तमारी छे?’ एवढं तुला येतंच. मराठी निघालं तर काकू किंवा काका म्हण आणि सरळ सांग: लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपासून ही आमच्याकडे झोपते, आणि संध्याकाळी मी दार लावत होते. हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. लेकीसमोर म्हण.

ते चिडतील. चिडू देत, दिवाळीपासून वाटी वाजवताहेत. ‘संध्याकाळी ही येईना, आम्ही पोळभर शोधलं’ असं काही ऐकावं लागेल, ते ऐकून घे, मध्ये ‘पण आम्हीही किती जीव लावला’ असं सुरू करू नकोस. मग विचारायचं ते विचार: वय, ऑपरेशन झालंय का, रेबीजची लस दिलीय का, औषध कुठलं. लस तर विचारच. तुझी लेक तिला कुशीत घेऊन झोपते, आणि उद्या एखादा ओरखडा निघाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, हे लस दिलेली असो वा नसो करायचंच असतं. पण ती दिलेली आहे की नाही हे तुला एवढे दिवस माहीत नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं.

ते म्हणाले की आमची आहे आणि आता बाहेर सोडणार नाही, तर ती त्यांची. तुझी लेक अधूनमधून भेटायला जाऊ शकते का एवढं विचार. म्हणाले की रात्री तुमच्याकडे झोपू दे, आमच्याकडे जेवू दे, तर तसं करा, एकमेकांचे फोन नंबर घ्या. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग, जवळ येतंय. त्या दोन दिवसांत प्रत्येक अगाशीवर माणसं आणि नंतर कित्येक दिवस पत्र्यांवर, तारांवर मांजाची गुंतवळ. छपरांवरून फिरणाऱ्या जिवाचा पाय त्यात कापला जातो. ती कुठं आहे हे दोन घरांना एकमेकांना विचारता आलं तर त्या दिवसांत तिला आत ठेवता येईल. आणि असंही निघेल की तो माणूस कुठल्याही एका मांजराला नाही, येईल त्याला वाढतो, आणि ही त्याची नाहीच. तसं असेल तर ऑपरेशनची वेळ पुन्हा घे, त्याला सांगून घे, आणि तिच्यासाठी अंडं आणि मांजराचं तयार खाणं घरात आणायला सासूबाईंची परवानगी माग.

दवाखान्यात मात्र आजच फोन कर आणि शनिवार रद्द कर. उद्या दिवे लागायच्या आधी चपला घालून तयार राहा. वाटी वाजल्यावर तयारीला लागलीस तर वळसा पुरा होईपर्यंत आवाज थांबलेला असेल आणि मग कुठलं दार वाजवायचं ते कळणार नाही.

– मावशी