रोइंग मशीन नवीन आहे? आधी विसाच्या लयीत बसा

भाऊ, परभणीत जिममध्ये रोइंग मशीन आलं, हेच नवल. आता कामाचं.

पहिले दीड-दोन महिने स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती वेळा ओढता तो आकडा, 18 ते 22 च्या पुढं नेऊच नका. आठवड्यात चार दिवस बसत असाल तर तीन दिवस असे चालवा, की शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता यावं. चौथ्या दिवशी जोर: एक मिनिट 26-28 नं, दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा. बास.

सगळ्यांची चूक एकच: रेट म्हणजेच जोर वाटतो. मीही 32 नं हात फेकायचो, स्क्रीनवर 500 मीटरचा वेळ 2:40 च्या खाली येईना. मग पाय दाबून रेटायला शिकलो, ओढून झाल्यावर सीटवरून परत पुढं येताना घाई सोडली. 20 च्या रेटला 2:25 दिसलं! आडातून घागर शेंदल्यासारखं नुसत्या हातानं ओढू नका. आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत यायला ओढण्याच्या दुप्पट वेळ घ्या.

- डँपर (पंख्यात किती हवा जाते ते ठरवणारा खटका) 10 वर नको, 3 ते 5 पुष्कळ.
- पाठीला पोक नको.
- एप्रिल-मेमध्ये पहाटेच बसा. उकाड्यात त्याच वेगाला नाडी चढते; तेव्हा वेग सोडा, हट्ट नको.

झोनबिनचं, म्हणजे नाडीच्या ठोक्यांवरून जोराचे टप्पे पाडायचं, गणित दिवाळीनंतर बघू.