बोईसरला बहीण आणि आपण पुण्यात: आपत्कालीन नियोजन क्षेत्र कोणाला लागू होते?

आपली बहीण बोईसरला राहते आणि तारापूर अणुऊर्जा केंद्रात अपघात झाल्यास पुण्यालाही धोका आहे का, असे आपण विचारले आहे. या केंद्रापासून १६ किलोमीटर त्रिज्येचा परिसर आपत्कालीन नियोजन क्षेत्र, म्हणजे अशा अपघातात लोकांच्या बचावाची आखणी आधीच केलेला भाग, मानला जातो. बोईसर त्यात येते. पुणे सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून दूर असल्यामुळे येत नाही. केंद्राला लागून निर्मनुष्य पट्टा असतो, त्यापुढे ५ किलोमीटरपर्यंत लोकवस्तीच्या वाढीवर नियंत्रण असते. कुंपणाबाहेरच्या बचावकार्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात.

बहिणीला मात्र एक गोष्ट आजच नीट समजावून सांगा. सूचना मिळताच रस्त्यावर धावण्यापेक्षा घरात जाऊन दारे-खिडक्या लावणे, पंखा व एसी बंद करणे, पाण्याची भांडी झाकणे आणि रेडिओवरील पुढील सूचनेची वाट पाहणे हेच बहुधा अधिक सुरक्षित ठरते, कारण किरणोत्सारी कण श्वासावाटे शरीरात जाणे हा सुरुवातीचा मोठा धोका असतो. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. ती प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यावी. अशी गोळी पुण्यात विकत घेऊन ठेवण्याची गरज मला वाटत नाही.