गावच्या घरी जळणाची लाकडं कापायला कोणती करवत घ्यावी? चेनसॉ घेणं योग्य ठरेल का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: घर रत्नागिरीकडे, आई-वडील दोघंच राहतात, अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, वाऱ्यापावसात मोडलेल्या काजूच्या आणि आकेशियाच्या फांद्या परसात पडून आहेत, आणि ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळणारा पेट्रोलचा चेनसॉ वडिलांना घेऊन द्यावा असं तुमच्या मनात आहे.

देऊ नका. तीस इंची बो सॉ घ्या, लाकूड ठेवायला एक घोडी ठोकून घ्या, आणि मांडीपेक्षा जाड जे काही असेल त्यासाठी वर्षातून एकदा चेनसॉवाला बोलवा (आमच्याकडे त्याला कटरवालाच म्हणतात). आमच्या घरचं जळण असंच निघतं.

बो सॉ म्हणजे लोखंडी नळीची कमान आणि तिच्यात ताणून बसवलेलं पातळ पातं. दुकानात नुसतं ‘कमानीची करवत’ म्हणालात तर लोखंड कापायचा हॅक्सॉ हातात पडेल, म्हणून ‘झाडाच्या फांद्या कापायची’ असं स्पष्ट सांगा. माप निवडताना एवढंच बघायचं: पात्याच्या लांबीतून लाकडाची जाडी वजा केली की जे उरतं, तेवढीच करवत पुढेमागे सरकते. आठ इंची ओंडक्यावर चोवीस इंची पातं सोळा इंच चालतं, तीस इंची पातं बावीस इंच. हाताला हा फरक लगेच जाणवतो. एकवीस इंची, पुढे निमुळत्या होत गेलेल्या कमानीची करवत झाडावरच्या दाटीत शिरायला बरी. जमिनीवर पडलेल्या लाकडाला तिचा फारसा उपयोग नाही, जाड ओंडका तिच्या कमानीलाच अडतो.

खरी निवड दातांची. पात्यांचे दोन प्रकार येतात. एकात सगळे दात सारखे, त्रिकोणी, ओळीने लावलेले. ते सुक्या लाकडाचं पातं. दुसऱ्यात चार दात झाले की एक वेगळाच, मधून दुभंगलेला दात दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाच असते. ते ओल्या लाकडाचं. चार दात दोन्ही कडांनी रेषा कापत जातात आणि तो दुभंगलेला दात मधला चोथा खरवडून बाहेर ओढतो. ओल्या आकेशियावर हे पातं चालवलं की भुशाऐवजी शेवयांसारखे लांब तंतू पडतात. घरातली सुताराची करवत ओल्या फांदीवर का अडकते, तेही यावरून कळेल: तिचे दात बारीक, ओला भुसा त्यांच्यात दाबून बसतो आणि पातं जागच्या जागी आवळलं जातं.

तुमच्याकडे पडलेलं लाकूड अजून ओलं असेल तर थांबू नका, आत्ताच तुकडे करून घ्या. काजूचं फारसं बिघडत नाही, ते मुळात मऊ. पण आकेशिया, सुरू, ऐन ही लाकडं वाळली की करवतीचा घाम काढतात. ओलं असताना कापायचं, कुऱ्हाडीने फोडायचं आणि मग पडवीत रचून वाळवायचं, हा क्रम. माडाच्या खोडाच्या नादी लागू नका, पात्याची धार बघता बघता जाते. आणि गडग्याच्या कडेचं झाड असेल तर सालीच्या आत गेलेली कुंपणाची तार किंवा खिळा आहे का ते आधी पाहून घ्या.

तुकडे केवढे करायचे हेही करवत घेण्याआधी ठरवा, कारण अर्धे कष्ट तिथेच वाचतात. चुलीला दीड-दोन फुटांचं लाकूड चालतं, जळेल तसं आत सारायचं. तांब्याचा बंब असेल तरच वीतभर तुकडे लागतात, आणि बंबाला करवंट्या, ढलप्या पुरतात. वडील चुलीसाठी वीतवीतभर कापत बसले असतील तर त्यांना नवी करवत नको, फक्त हे सांगायला हवं.

घोडी म्हणजे फुलीसारखे दोन सांगाडे आणि त्यांना जोडणारी पट्टी. जुन्या वाशांची करता येते. ओंडका त्या फुल्यांच्या बेचक्यात ठेवायचा आणि टोक बाहेर काढून तिथे कापायचं, म्हणजे तुकडा खाली झुकतो आणि काप उघडत जातो. दोन्ही टोकं टेकलेली असताना मधोमध कापलं तर लाकूड स्वतःच्या वजनाने वाकतं, काप वरून मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. तसं झालं तर ओढाओढ करू नका, लाकडी पाचर ठोकून काप उघडा. जाड ओंडका फिरवत फिरवत कापला की बराच सोपा जातो.

पातं नीट ताणलेलं हवं. बोटाने टिचकी मारली की टणकन वाजलं पाहिजे. सैल पातं तिरपं जातं आणि दोष हाताला मिळतो. बऱ्याच पात्यांच्या दातांची टोकं निळसर-काळी असतात. ती कडक केलेली असतात, त्यांच्यावर कानस नुसती घसरते. धार गेली की पातं बदलायचं. म्हणून करवतीबरोबरच दोन जादा पाती घ्या, एक ओल्याचं, एक सुक्याचं.

आता चेनसॉ. मशीन वाईट नाही, पण जे वर्षातून दोन-चार दिवसच चालणार ते सांभाळणं कटकटीचं. पेट्रोलमध्ये ठरलेल्या प्रमाणात टू-टी ऑइल मिसळायचं, साखळीचं तेल वेगळं, साखळीच्या मापाची गोल कानस वेगळी (साधारण ४ किंवा ४.८ मिमी), आणि टाकीत पेट्रोल तसंच ठेवून पावसाळा गेला की कार्ब्युरेटर चोंदतो. त्यातून साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीचं वरचं टोक कशाला टेकलं की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. घरी दोघंच, परसात वडील एकटे, अंगात लुंगी आणि पायात स्लीपर, हे चित्र मला तरी नको वाटतं. जाहिरातीतली बावीस इंची पट्टी तर चुलीच्या लाकडाला लागतच नाही, नुसतं वजन.

विजेवरचा चेनसॉ त्यातल्या त्यात सुटसुटीत. पण दोन हजार वॅटच्या आसपासच्या मशीनला मोठा, सोळा अँपिअरचा प्लग आणि परसापर्यंत जाड तार लागते. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर, त्यात गावचा व्होल्टेज, मोटर जळायला वेळ लागणार नाही. बॅटरीवरचं चार-सहा इंची छोटं मशीन मनगटाएवढ्या फांद्यांना ठीक.

एका गोष्टीला मात्र हातही लावू नका: ग्राइंडरला बसवायची साखळीची चकती. ऑनलाइन सर्रास विकतात. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो, आणि ती चकती लाकडात अडकली की अख्खं मशीन हातातून हिसकलं जातं.

कटरवाल्याला बोलावण्याआधी ओंडके एका जागी ओढून ठेवा आणि मापाच्या खुणा खडूने करा, त्याचं काम एका सकाळीत उरकतं. उभं झाड पाडायचं असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा, कारण आंबा, फणस, ऐन, किंजळ यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते.

वडिलांना सांगा, पहिले दोन-तीन फटके करवत हलकेच मागे ओढून घ्यायचे आणि डावा हात कापापासून चांगला लांब, मोज्यात ठेवायचा. खाच पडेपर्यंत पातं उडी मारतं आणि अंगठ्यावर येतं. पात्यावरचं प्लास्टिकचं आवरणही फेकू देऊ नका, काम झाल्यावर दातांना खोबरेल पुसून तेच परत चढवायचं.