स्क्रीनवरचा करंट आणि नळीतला वायू

सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन आणि पातळ थरांचे सौर घट या विषयांवर सातारा-सांगलीच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : केमिकल बाथने, म्हणजे रसायनांच्या गरम द्रावणात काच बुडवून, कॅडमियम सल्फाइडची फिल्म (सौर घटातला एक पातळ थर) बसवते आहे. रंग छान पिवळा येतो, पण कापसाचा बोळा फिरवला की निम्मी फिल्म बोळ्यावर. प्रमाण, तापमान सगळं पेपरात दिलंय तसंच आहे. (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : बोळ्यावर येते ती फिल्म नव्हेच, ती भुकटी. बाथमध्ये दोन कामं एकाच वेळी चालतात. काचेवर आयन येऊन थर वाढतो, तो घट्ट असतो. आणि द्रावणातच कण तयार होऊन काचेवर येऊन बसतात, ती नुसती धूळ. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो. तो कमी पडला की कॅडमियम एकदम मोकळं सुटतं आणि धूळ जिंकते.

म्हणून पहिला संशय अमोनियाच्या बाटलीवर घ्या. ताजा २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया साधारण १३ मोलर असतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात दहा वेळा उघडलेल्या बाटलीत तेवढा राहत नाही, आणि आपण मात्र लेबल वाचून मिलिलिटर मोजत बसतो. त्यापेक्षा डोळ्यांनी ठरवा. कॅडमियमच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला की आधी पांढरा साका येतो, तो हायड्रॉक्साइड. ढवळत अजून घालत गेलं की साका विरघळून द्रावण नितळ होतं. नितळ झाल्यावर थोडा जास्तीचा अमोनिया, आणि थायोयुरिया (सल्फर पुरवणारं रसायन) सगळ्यात शेवटी. गढूळ असतानाच थायोयुरिया पडला तर त्या बाथचं पुढे काही होत नाही.

काच आडवी ठेवू नका. उभी किंवा किंचित कलती, फिल्म हवी ती बाजू खाली. बाथ ७० अंशांवर असेल तर पहिली काही मिनिटं काहीच दिसणार नाही, मग द्रावण पिवळसर पण पारदर्शक होईल. ते अपारदर्शक व्हायला लागलं की काच बाहेर काढा. तासभर ठेवल्याने थर जाड होत नाही, त्यावर गाळ बसतो. जाडी हवी असेल तर ताज्या बाथमध्ये दुसरी बुडी द्या. काच नीट धुतली गेली का हे पाहायला वेगळं यंत्र नको: डिस्टिल्ड वॉटर ओतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे, थेंब थेंब राहिले तर पुन्हा धुवा.

आणि उरलेला बाथ बेसिनमध्ये ओतू नका. कॅडमियम विषारी आहे, थायोयुरियाही निरुपद्रवी नाही. बेसिनचं पाणी शेवटी नदीत जातं, हे कराडकरांना सांगायला नको. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, लेबल लावा आणि घातक कचऱ्यात द्या.

प्रश्न : एफटीओ काचेवर (वीज वाहणारा थर दिलेली काच) बिस्मथ व्हॅनाडेटचा फोटोॲनोड, म्हणजे प्रकाश पडला की पाण्यातून ऑक्सिजन काढणारा इलेक्ट्रोड, केला. पीएच ७ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर (म्हणजे त्याला शून्य धरून) १.२३ व्होल्टला दर चौरस सेंटिमीटरला २.१ मिलीअँपिअर करंट मिळाला. २.१ गुणिले १.२३ म्हणजे २.५८ टक्के कार्यक्षमता, असं रिपोर्टात लिहू का? (प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : लिहू नका. पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात आणि तेवढे तुम्ही पोटेन्शिओस्टॅट या व्होल्टेज देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे भिंतीवरच्या प्लगमधून दिलेत. मग सूर्याने दिलं काय? बाहेरून व्होल्टेज देऊन मोजलेली कार्यक्षमता अशी काढतात: १.२३ मधून दिलेलं व्होल्टेज वजा करायचं, उरलेल्याला करंटने गुणायचं, आणि पडलेल्या प्रकाशाने (१०० मिलीवॅट दर चौरस सेंटिमीटर) भागायचं. तुमच्या आकड्याला हे लावलं तर उत्तर शून्य येतं. तोच फोटोॲनोड ०.६ व्होल्टला २ मिलीअँपिअर देत असेल तर १.२६ टक्के, आणि ते कौतुकाचं. काटेकोर हिशेबासाठी व्होल्टेज दोन इलेक्ट्रोडांमधलं घ्यावं लागतं. तीन इलेक्ट्रोडांच्या सेलवरून (तिसरा फक्त तुलनेसाठी) येतो तो अंदाज. १.२३ व्होल्टचा करंट हा दोन नमुन्यांची तुलना करायला ठीक आहे. त्याला कार्यक्षमता म्हणायची सवय कित्येक छापील पेपरांतही दिसते, म्हणून ती बरोबर ठरत नाही.

आता त्या २.१ कडेही जरा संशयाने पाहू. हायड्रोजनच्या मोजपट्टीवर येताना सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या (प्रयोगात तुलनेला ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या) आकड्यात ०.१९७ आणि ०.०५९ गुणिले पीएच मिळवायचे. पीएच ७ ला तुमचे १.२३ व्होल्ट म्हणजे त्या इलेक्ट्रोडवर फक्त ०.६२. चुकून तिथेच १.२३ लावले असतील तर खरे १.८४ झाले, आणि तिथे अंधारातही करंट वाहू शकतो. म्हणून प्रकाश अडवून-सोडून मोजा आणि अंधारातला करंट वजा करा.

बिस्मथ व्हॅनाडेटचा बँड गॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ५१७ नॅनोमीटरच्या पलीकडचा प्रकाश त्याला जवळजवळ दिसतच नाही. खऱ्या उन्हात कमाल मर्यादा साडेसात मिलीअँपिअरच्या आसपास. कुणी नऊ सांगितले तर आधी दिव्याचं कॅलिब्रेशन आणि क्षेत्रफळ तपासा. फिल्मच्या कडेने द्रावण चढलं तर अर्ध्या चौरस सेंटिमीटरचे पाऊण होतात. द्रावणात सल्फाइट घातलं असेल तर करंट फुगतो, पण तो सल्फाइटच्या ऑक्सिडेशनचा. ऑक्सिजन निघत नाही.

शेवटचा पुरावा वायूचा. १ मिलीअँपिअर तासभर वाहिला तर २५ अंशांना साधारण ०.४६ मिलिलिटर हायड्रोजन मिळायला हवा. तुमचा १ चौरस सेंटिमीटरचा नमुना तासाला १ मिलिलिटरच्या जरा खालीच देईल. गंमत अशी की १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १.९ मिलिलिटर हायड्रोजन विरघळू शकतो. म्हणजे करंट अगदी खरा असूनही नळीत बुडबुडा जमणार नाही आणि फिल्म बदनाम होईल. द्रावण कमी घ्या, कॅथोडच्या (हायड्रोजन निघतो त्या इलेक्ट्रोडच्या) बाजूचं पाणी आधीच हायड्रोजनने संपृक्त करा, आणि निदान तीन-चार तास चालवा. त्या तासांत करंट निम्म्यावर आला तर तेही रिपोर्टात लिहा.

प्रश्न : आठवीच्या वर्गात मीठ घातलेल्या पाण्यात ९ व्होल्टच्या बॅटरीने विघटन दाखवते. ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं २:१ प्रमाण कधीच जुळत नाही. (शिक्षिका, वाई)

उत्तर : तो वास क्लोरीनचा. मिठातला क्लोराइड ऑक्सिजनच्या आधी ऑक्सिडाइज होतो. मीठ बंद करा; पाव लिटर डिस्टिल्ड पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा पुरे. नळाचं पाणी नको, त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर कॅथोडवर चढतो. पेन्सिलचं शिसं ॲनोडला वापरत असाल तर ऑक्सिजन ते कार्बन खातो आणि कमी भरतो. या सोड्याच्या पाण्यात स्टेनलेस स्टीलची तार चालते. पहिली पाच मिनिटं वायू सोडून द्या, मग नळ्या भरा. काडी लावून ‘पॉप’ दाखवायचा तो छोट्या परीक्षानळीतच. दोन्ही वायू एका बाटलीत कधीही गोळा करू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो.

प्रश्न : घराच्या छतावर पातळ थरांची पॅनेल घ्यावीत का? (सातारा)

उत्तर : छत लहान असेल तर सिलिकॉनच. पातळ थरांच्या पॅनेलमधला कॅडमियम टेल्युराइडचा थर दोन-तीन मायक्रॉनचा, सिलिकॉनची चकती दीडशेच्या आसपास. माल कमी लागतो आणि उन्हात तापल्यावर उत्पादन थोडं कमी घटतं, हे खरं. पण तेवढीच वीज मिळवायला जागा जास्त लागते, आणि ही पॅनेल मुख्यतः मोठ्या प्रकल्पांना जातात. पेरोव्स्काइट या नव्या सौर पदार्थाची बातमी वाचून थांबू नका. दमट हवा हे अजून त्याचं दुखणं आहे.

प्रश्न : द्राक्षबागेवर ५ एचपीचा सौरपंप आहे. पावसाळ्यात पंप बंद असतो. त्या विजेने हायड्रोजन करून ट्रॅक्टर चालवता येईल का? (तासगाव)

उत्तर : हिशेब करून पाहा. ४.८ किलोवॅटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २० युनिट देतात असं धरू. पावसाळ्यात त्याहून कमीच. एक किलो हायड्रोजनला इलेक्ट्रोलायझर ५० ते ५५ युनिट खातो. म्हणजे दिवसाला फार तर ४०० ग्रॅम, त्यातली ऊर्जा सव्वा ते दीड लिटर डिझेलएवढी. तेवढा वायू साध्या दाबाला साडेचार ते पाच हजार लिटर जागा व्यापतो. टाकीत दाबायला कॉम्प्रेसर आणि आणखी वीज. इलेक्ट्रोलायझरला पाणी डिस्टिल्डच लागेल, विहिरीचं चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान खत आणि पोलादाच्या कारखान्यांसारख्या ठिकाणांसाठी आहे, बांधावरच्या टाकीसाठी नाही. पंपाला युनिव्हर्सल कंट्रोलर बसतो का ते पुरवठादाराला विचारा. बसत असेल तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालेल.