आजींचा चेहरा उजळावा, पण बदलू नये

प्रश्न : माझ्या ८२ वर्षांच्या आजीचा फोटो मी ओसरीवर मोबाइलने काढला. मागे अंगणात लख्ख ऊन असल्यामुळे चेहरा काळवंडला आहे आणि ओसरीवरच्या बल्बमुळे त्यावर पिवळट छटा आली आहे. त्वचा नितळ करणारे फिल्टर लावून पाहिले, तर आजी मेणाच्या पुतळ्यासारखी दिसू लागली. फोटो ८ × १० इंच आकारात फ्रेम करायचा आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण शेवटचे काम आधी केलेत, एवढीच चूक झाली. आधी प्रकाश, मग रंग आणि त्वचेला हात सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. मूळ फोटो तसाच राखून त्याच्या प्रतीवर काम करावे. स्नॅपसीड हे मोफत ॲप यासाठी पुरेसे आहे.

मोबाइलने उजळ अंगणाच्या मानाने प्रकाशाचे माप घेतले, म्हणून चेहरा अंधारात गेला. आता सगळाच फोटो उजळला, तर अंगण पांढरेफटक पडेल. त्याऐवजी ‘सिलेक्टिव्ह’ हे साधन घेऊन आजींच्या गालावर बिंदू ठेवावा, दोन बोटांनी त्याचे क्षेत्र चेहऱ्यापुरते आवरावे आणि ब्राइटनेस थोडा थोडा वाढवावा. हनुवटीखालची सावली मात्र पुसू नये, कारण चेहऱ्याला उठाव तिच्यामुळेच येतो. शिवाय अंधारा भाग फार ओढून उजळला की त्यात रवाळ ठिपके दिसू लागतात.

पिवळेपणासाठी ‘व्हाइट बॅलन्स’ या रंगछटा सुधारणाऱ्या साधनातील ड्रॉपर (रंग टिपणारी नळी) चेहऱ्याजवळच्या पांढऱ्या किंवा करड्या वस्तूवर टेकवावा. आजींच्या पांढऱ्या पातळाचा पदर सोयीचा वाटेल, पण त्याला नीळ दिलेली असेल तर ॲप त्या निळसर छटेलाच पांढरे समजून चेहऱ्यावर आणखी पिवळेपणा चढवील. तसे झाल्यास ड्रॉपर सोडून द्यावा आणि टेंपरेचरचा काटा हाताने किंचित निळ्याकडे सरकवावा.

त्वचा नितळ करणारे फिल्टर शेजारशेजारच्या बिंदूंमधील फरक पुसते, त्यामुळे डागाबरोबर सुरकुत्या आणि त्वचेचा पोतही जातो. ‘हीलिंग’ फक्त बोट फिरवलेल्या जागी आसपासचा पोत आणून बसवते, म्हणून फोटो बराच मोठा करून तेच वापरावे. डास चावल्याची गांधी खुशाल काढावी. कपाळावरचे गोंदण आणि डोळ्यांकडेच्या सुरकुत्या काढू नयेत. माझे मत विचाराल, तर या वयाच्या चेहऱ्यावर चार-पाच ठिकाणांपेक्षा जास्त हात फिरवण्याची गरजच नसते. बुबुळे किंचित उजळावीत, पण डोळ्यांचा पांढरा भाग दुधासारखा करू नये. तो खोटा दिसतो.

मोबाइलचा फोटो बहुधा ३ : ४ प्रमाणात असतो आणि आपली फ्रेम ४ : ५ आहे, त्यामुळे उभ्या फोटोची वरची किंवा खालची थोडी पट्टी कापली जाईल. ती आपणच क्रॉप करावी, नाहीतर स्टुडिओवाला अंबाडा कापील. उत्तम छपाईसाठी २४०० × ३००० पिक्सेल, म्हणजे फोटोतील बिंदू, लागतात. झूम न करता काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ते सहज मिळतात. स्टुडिओकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो आक्रसणार नाही.