इंजिन खोलण्याआधी दोन हजारांची तपासणी

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि शिकवण्यासाठी रोज कोरेगावला ये-जा करतो. तीन वर्षांपूर्वी २,६०,००० रुपयांना घेतलेली २०१५ची पेट्रोल-सीएनजी गाडी आता तापली की मिसिंग मारते, यवतेश्वर घाटात तर दुसऱ्या गिअरवरही ओढत नाही. प्लग आणि एक कॉइल बदलण्यात ४,६०० रुपये गेले, फरक पडला नाही. थंड असताना गाडी बरी चालते, निळा धूर नाही आणि दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान ऑइलही कमी होत नाही. गॅरेजवाल्यांनी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब, पीएसआयमध्ये) मोजले, ते अनुक्रमे १६५, १६०, ९५ आणि १६० आले. पूर्ण इंजिनकामाचे ६८,००० रुपये सांगितले आहेत. आहे त्या स्थितीत गाडीला १,१०,००० रुपये मिळतात, चांगल्या स्थितीत १,७५,००० मिळाले असते. हातात ४६,००० पगार येतो, गृहकर्जाचा हप्ता १४,५०० आहे, घरखर्च २४,००० आहे आणि दीड लाखाची एक मुदत ठेव आहे. जूनमध्ये मुलीच्या महाविद्यालयाची फी भरायची आहे. इंजिन करावे, गाडी विकावी, की सहा लाखांचे कर्ज काढून नवी घ्यावी?

उत्तर : नमस्कार. आपण तीन पर्याय मांडले आहेत, परंतु त्यांतून निवड करण्याइतकी माहिती आज आपल्याजवळ नाही, आणि ती मिळवायला फार तर दोन हजार रुपये लागतील. ६८,००० हा आकडा बिघाडाचा नसून ‘सगळेच उघडून करू’ या पद्धतीचा आहे. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे एवढेच आपल्याला कळले आहे. ते कोठून निसटते आहे, हे कोणी पाहिलेले नाही.

इंजिनात ठिणगी, इंधन आणि दाब या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच सिलिंडर आपले काम करतो. प्लग आणि कॉइलवरचे ४,६०० रुपये वाया गेले, कारण दोष ठिणगीत आहे की नाही हे आधी तपासले गेले नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवून मिसिंग तिच्याबरोबर सरकते का, एवढे दहा मिनिटांत फुकट कळले असते. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीवर मीही एकदा असेच सुटे भाग बदलत बसलो होतो, त्यामुळे आपल्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

आता दाबाविषयी. चार सिलिंडरांतील सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असली, की इंजिनाकडे संशयाने पाहावे लागते. आपल्याकडे ती बेचाळीस टक्के आहे, तेव्हा दोष खरा आहे हे मी मान्य करतो. तरीही मोजणी पुन्हा करून घ्यावी, आणि ती इंजिन तापलेले असताना, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून व बॅटरी भरलेली असताना व्हावी. त्यानंतर तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून तीच मोजणी परत करावी. आकडा चांगला वर चढला, तर ऑइलने पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांची किंवा बोअरची (सिलिंडरच्या आतल्या भिंतीची) आहे. आकडा जवळपास तिथेच राहिला, तर दोष वरच्या भागात, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये (झडपेत) किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचे वरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालच्या सीलमध्ये) आहे. गॅरेजमध्ये हवेच्या दाबाने गळती पाहण्याचे साधन असेल तर आणखी नेमके कळते: आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट.

आपल्या पत्रातील एका तपशिलाकडे मी मेकॅनिक नसतानाही लक्ष वेधतो, कारण त्यावर सुमारे पंचेचाळीस हजार रुपये अवलंबून आहेत. थंड इंजिनावर गाडी बरी चालते आणि तापल्यावर मिसिंग वाढते, शिवाय निळा धूर नाही आणि दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान ऑइलही कमी होत नाही, असे आपण लिहिले आहे. रिंगा गेल्या असत्या तर बहुधा याच्या उलट चित्र दिसले असते. सीएनजीवर बराच काळ चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (तो मिटताना टेकतो ती जागा) झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील अंतर) कमी होते, आणि तापून व्हॉल्व्ह लांबला की तो पूर्ण मिटतच नाही. म्हणून हेड उतरवण्याच्याही आधी टॅपेटची फट मोजून घ्यावी. आपल्या इंजिनात ती जुळवता येत असेल, तर काही शे रुपयांत कॉम्प्रेशन काही अंशी परत येण्याची शक्यता आहे. तसे झाले नाही, तर सीट कटिंग, नवा व्हॉल्व्ह, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे) आणि गॅस्केट असे फक्त हेडचे काम उरते. त्याचा वेगळा, लेखी अंदाज मागावा; आपण चौकशी केलेल्या दुसऱ्या ठिकाणी तो २२,००० रुपये सांगितला गेला आहे.

निदान हेडचे आले, तर दुरुस्ती करून गाडी ठेवावी, यात मला शंका नाही. २२,००० रुपये तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला सुमारे ६११ रुपये पडतात. त्यासाठी मुदत ठेव मोडू नये. तिच्यावर बँकेकडून तेवढेच कर्ज घ्यावे. पगारातून दोन्ही खर्च जाता आपल्याकडे ७,५०० रुपये उरतात, म्हणजे तीन महिन्यांत ते फिटेल आणि व्याज चारशे-साडेचारशे रुपयांपलीकडे जाणार नाही. जूनच्या फीसाठी ठेव शाबूत राहील.

निदान रिंगांचे आले, तर मी पूर्ण इंजिनकाम करू नये असे म्हणेन, आणि हे थोडे अनपेक्षित वाटेल, कारण ६८,००० भागिले छत्तीस महिने म्हणजे १,८८९ रुपये ही रक्कमही नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा कितीतरी कमी आहे. अडचण अशी, की इंजिन उघडल्यावर बेअरिंग, क्रँक, ऑइल पंप यांचे काम निघते आणि अंदाज वाढतो. आजची किंमत आणि चांगल्या गाडीची किंमत यांतील फरक ६५,००० आहे. एवढाच किंवा त्याहून जास्त खर्च करून आपण फक्त पूर्वीच्या जागी पोहोचता, आणि २०३० मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होताच फिटनेस तपासणी, नूतनीकरण शुल्क व पर्यावरण कर उभे राहतात. रिंगांच्या कामासाठी माझी मर्यादा ४५,००० आहे. त्यावरचा अंदाज आला तर काम सुरू करू नये. गाडीसाठी दिलेले २,६०,००० या हिशेबात धरू नयेत, ते गेलेले पैसे आहेत. विम्याकडूनही आशा नको, कारण साध्या वाहन विम्यात झीज व यांत्रिक बिघाड येत नाहीत.

नव्या गाडीचा पर्याय मी बाजूला ठेवतो. सहा लाखांना साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता १२,६०१ रुपये बसतो आणि एकूण सुमारे १,५६,००० रुपये व्याज जाते. गृहकर्जासह हप्ते २७,१०१, म्हणजे पगाराच्या एकोणसाठ टक्के होतात. २४,००० घरखर्च धरला तर महिना ५,१०१ रुपयांनी तुटतो. फी आणि विमा अजून यात आलेलेच नाहीत. रिंगांचा दोष निघाला आणि अंदाज त्या मर्यादेवर गेला तर गाडी विकून काही महिने एसटी किंवा दुचाकीवर कोरेगाव करावे, आलेले पैसे बाजूला ठेवावेत आणि फी भरून झाल्यावर पुन्हा गाडीचा विचार करावा.

तोवर दोन पथ्ये पाळावीत. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी चालवूच नये, कारण न जळलेले इंधन सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळते आणि खर्चाचा आणखी एक आकडा वाढतो. लुकलुकत नसला तरी यवतेश्वरसारखा चढ टाळावा.

विकायची वेळ आलीच, तर दोष लपवून १,७५,००० मागण्याचा विचार सोडून द्यावा आणि तपासणीचे आकडे खरेदीदारासमोर ठेवावेत. १,१०,००० ही किंमत दोषासकटच सांगितली गेली आहे. सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिचे प्रमाणपत्र चालू असेल तर सौद्यात तेही दाखवावे. पैसे मिळाले म्हणून किल्ली देऊन मोकळे होऊ नये. नाव हस्तांतराचे अर्ज त्याच दिवशी सही करून सातारा आरटीओत दाखल करावेत, कारण आरसीवर आपले नाव असेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालक म्हणून आपल्याकडेच येऊ शकते.